माणसं: चार

आमच्या ग्रुपवर कुणाच्याही घराला वाईट म्हणायचं नाही असा नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. घराचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर हात बसवणाऱ्यांचा हा ग्रुप. बारामती, इंदापूर, फलटण, दौंड धरून दोनशेच्या आसपास लोक आहेत. त्यात ठेकेदार आहेत, डिप्लोमा करून घरी बसलेली मुलं आहेत, निवृत्त मास्तर आहेत आणि कधीच बांधून न होणारं स्वतःचं घर दर आठवड्याला नव्यानं काढणाऱ्या बायका आहेत. मी बारामतीत लोकांना प्लॅन आणि थ्रीडी काढून देते, पोट त्यावर भरतं, म्हणून अॅडमिन मी.

नवीन माणसानं आल्या आल्या तीन गोष्टी लिहायच्या: जागेचं माप, घराचं तोंड कुठं, आणि राहणारी माणसं किती. ते लिहिल्याशिवाय त्याला कुणी उत्तर देत नाही. उत्तर देणाऱ्यानं आधी एक तरी चांगली गोष्ट म्हणायची आणि मग 'सुचवावंसं वाटतं' असं म्हणून काय ते बोलायचं. 'काढून टाका' हा शब्द आमच्यात चालत नाही, 'जागा मोकळी करा' म्हणायचं. आणि घरगुती भानगडी ग्रुपवर आणायच्या नाहीत. सासूला कुठली खोली, धाकट्याला कुठला मजला, हे एकदा सुरू झालं की आवरत नाही, म्हणून चित्र टाका आणि चित्रावर बोला.

नियम चांगलेच आहेत. त्यांच्यामुळे कुणाचा अपमान होत नाही आणि सोलायचं तेवढं सोलता येतं. एका मास्तरांनी आयुष्यातला पहिला प्लॅन टाकला होता. त्यात संडासाचं दार थेट जेवणाच्या टेबलासमोर उघडत होतं. मी लिहिलं, पडद्यांची निवड सुरेख आहे, पाहुण्यांना जेवताना एकमेकांच्या येण्याजाण्याची माहिती राहील अशीही सोय आहे, फक्त ती सोय थोडी बाजूला घ्यावी असं सुचवावंसं वाटतं. शंभर जणांनी हसून घेतलं. मास्तरांनी तीन वेळा हात जोडले आणि पुन्हा कधी काही टाकलं नाही. मला त्याचं काहीएक वाटलं नाही. उलट त्या दिवशी चहा जरा जास्तच गोड लागला.

माझी आत्या या ग्रुपवर होती. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. लग्न करून पळसदेवला गेली, दोन वर्षांत नवरा वारला, आणि सासरच्यांनी तिला तिच्या ट्रंकेसकट आमच्या कोऱ्हाळ्याच्या घरी आणून सोडलं. मी जन्मले तेव्हा ती घरात होतीच. मी सात वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर माझ्या वेण्या, माझा डबा, माझे ताप, माझी पाळी, सगळं आत्यानं बघितलं. मी बारामतीला शिकायला राहिले तेव्हा एसटीनं डबा पाठवणारी तीच. हे सगळं मला माहीत होतं, कुणी सांगायची गरज नव्हती, आणि पुढं जे केलं ते हे माहीत असूनच केलं.

माझा जुना फोन मी तिला दिला होता. दुपारी तिला वेळ जात नाही म्हणाली, म्हणून तिला ग्रुपवर घेतलं आणि सांगितलं, "लिहू नकोस काही, नुसती घरं बघत बस." ती खरंच बघत बसायची. चौथीपर्यंतच शिकलेली, पण प्लॅन वाचायला चार दिवसांत शिकली. दार कसं दाखवतात, खिडकी कशी, जिना कसा, एकदा सांगितलं की पुरे. फुटाचं माप तिनं पावलाशी जुळवून घेतलं. तिचं पाऊल पाऊण फुटाचं. एकापुढं एक टाचा लावून ती अंगणात लोकांच्या खोल्या चालून बघायची.

संध्याकाळी मला फोन करायची आणि दुसऱ्यांच्या घरातलं सांगायची. "त्या फलटणच्या बाईच्या ओट्यामागनं दार उघडतंय की गं. ही चुलीम्होरं उभी ऱ्हानार आन् दार पाठीत बसनार. हातात तापलेलं तेल आसलं मंजी?" किंवा, "त्या पोरानं मावळतीच्या भिंतीला झोपायची खोली घेतलीया. उन्हाळ्यात चार वाजता हात लावून बघ म्हनावं त्या भिंतीला."

मी तेच चांगल्या मराठीत लिहून ग्रुपवर टाकायची. लोक टाळ्या वाजवायचे. इंदापूरचे एक ठेकेदार आहेत, वयानं मोठे, कधी कुणाला अरे म्हणणार नाहीत. ते दर वेळी लिहायचे, ताई, तुमची नजर वेगळीच आहे. माझ्याकडं कामं यायला लागली ती त्या नजरेमुळं. आत्याला मी हे सांगितलं होतं. ती लाजली. म्हणाली, "माझं नाव नगं घालू बाई. लोकं हसतील." मी घातलं नाही. तिच्या या एका सल्ल्याचं मात्र मी तंतोतंत पालन केलं.

मग दादानं, माझ्या भावानं, कोऱ्हाळ्याचं घर पाडून बंगला बांधायचं काढलं. जुनं घर म्हणजे विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा आणि पुढं ओसरी. एका खोलीत दादा-वहिनी आणि त्यांची मुलगी, दुसऱ्या खोलीत आबा, म्हणजे आमचे वडील, आणि निम्म्या खोलीत पोती. आत्या ओसरीवर. बाज, बाजेखाली ट्रंक. कपडे बदलायचे तर पोत्यांच्या आड, आणि तेवढ्यात आबांनी हाक मारली तर तसंच पदर ओढून बाहेर. आई गेली त्या वर्षी आबा सगळ्यांसमोर तिला म्हणाले होते, "नवं घर झालं की तुला तुझी खोली." बाकी सगळे विसरले. आत्या कशाला विसरेल?

प्लॅन अर्थातच मी काढायचा होता. आत्यानं मला फोन केला, आवाज खाली घेऊन, जणू चोरी करत होती. "खिडकी उसाच्या फडाकडं घी. लई मोठी नगं खोली. आन् दाराला आतनं कडी पायजे."

"आत्या, सॉफ्टवेअरमध्ये कडी नसते. ती सुतार बसवतो."

"मग लिहून ठिव कुठंतरी. इसरतील."

मी लिहून ठेवलं. मागच्या बाजूला पश्चिमेला आठ बाय दहाची खोली काढली आणि आत 'आतून कडी' असं बारीक अक्षरात लिहिलं. मापाचा अंदाज यावा म्हणून सॉफ्टवेअरमध्ये उभी माणसं ठेवता येतात. बाई म्हणून एकच बाई मिळते, केस कापलेली, निळा शर्ट, पँट. ती मी त्या खोलीत खिडकीशी उभी केली. आत्या फोनवर बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. "मला प्यांट घातली व्हय गं? पळसदेवच्या लोकांनी बघितलं मंजी?" मग पुन्हा पुन्हा बोटानं मोठं करून बघत राहिली. वहिनीनं मला नंतर सांगितलं की दिवसभर ज्याला त्याला ती फोन दाखवत होती, दूध घ्यायला येणाऱ्यालासुद्धा.

घरच्यांचाही एक ग्रुप केला होता, त्यावर मी एकेक प्लॅन टाकत होते. आमच्या घरी कुणी वाईट नाही. आत्याला खोली नको, असं एकदाही कुणी म्हटलं नाही. वहिनीनं लिहिलं, आत्या तिकडं मागं एकट्याच पडतील, रात्री काही लागलं सवरलं तर कोण आहे, त्यापेक्षा माणसांत राहिलेल्या बऱ्या. वहिनीच्या मनात पाप नव्हतं, तिला मोठं स्वयंपाकघर पाहिजे होतं एवढंच. दादा मला म्हणाला, "तिला कुठं सवय हाय खोलीत झोपायची? जलमभर ओसरीवर झोपलीय." ज्या माणसाला आपण कधी खोली दिली नाही त्याला खोलीची सवय नाही, हे कारण मला त्या दिवशी चक्क पटलं. आबा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरची वाट बघत बांधावर उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बघा तुमी. तुझ्या त्या ग्रुपवाल्यांना इचार. जाणती माणसं हायती." दिलेला शब्द त्यांनी अशा रीतीनं दोनशे अनोळखी लोकांवर ढकलला आणि ट्रॅक्टर आला म्हणून पुढं चालू लागले.

माझं कारण तर त्याहून हलकं होतं. दर महिन्याला ग्रुपवर एक घर आम्ही नमुना म्हणून वर लावतो. अॅडमिन असल्यामुळं माझं घर मी स्वतः लावू शकत नव्हते, सगळ्यांनी एकमतानं मागावं लागतं. दोन वर्षांत माझं एकही घर लागलं नव्हतं. या बंगल्याकडून मला आशा होती. हॉल उत्तम जमला होता, जिना हलका झाला होता, देवघरावर वरून उजेड पडत होता. फक्त हॉलमधून आत शिरलं की समोर आत्याच्या खोलीची भिंत यायची. कॅमेरा तिथं अडायचा. त्या भिंतीमुळं स्वयंपाकघर वाकडं झालं होतं, एका कोपऱ्याला मुरड पडली होती. थ्रीडीत ती मुरड इतकी खुपायची की मी रोज उठून तिच्याकडंच बघायची. मला आत्या दिसत नव्हती, मला मुरड दिसत होती.

आपल्याच नियमाप्रमाणं मी ग्रुपवर प्लॅन टाकला आणि वर लिहिलं: जागा चाळीस बाय पंचेचाळीस, तोंड पूर्वेला, माणसं चार.

आबा, दादा, वहिनी, त्यांची मुलगी. चार. लिहिताना मी मोजलं, आणि मोजताना पाचवं माणूस मला आठवलं. 'पाच' लिहायला काही जास्त कष्ट पडत नाहीत. पण पाच लिहिलं असतं तर मागच्या खोलीबद्दल कुणी एक शब्द काढला नसता, आणि मला तो शब्द पाहिजे होता.

इंदापूरच्या ठेकेदारांनी सगळ्यात आधी विचारलं. ताई, जिना फारच सुबक आहे. मागची खोली कुणाची, ते कळलं तर सुचवायला बरं पडेल.

मी लिहिलं, कुणाची नाही. रिकामीच आहे.

मग काय, सल्ल्यांचा पाऊस. बिचाऱ्यांनी सगळं बरोबरच सांगितलं. चार माणसांच्या घरात रिकामी खोली ठेवून स्वयंपाकघर कशाला अडवायचं? भिंत मोकळी करा ताई. ओटा सरळ घ्या. शेगडी खिडकीखाली घेतली तर उजेडात काम होईल. एका मुलानं तर लाल रेघ मारून ती भिंत खोडून दाखवली आणि खाली लिहिलं, बघा, घर श्वास घ्यायला लागलं. मी सगळ्यांचे मनापासून आभार मानले. ते सगळं घरच्या ग्रुपवर पाठवलं आणि लिहिलं, जाणकारांचं असं मत पडलं. दादानं अंगठा दाखवला. वहिनीनं लिहिलं, मग काय, तेच बरोबर. आबांनी बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या.

भिंत पुसायला मला पाच मिनिटं लागली. 'आतून कडी' ही अक्षरं वेगळी पुसावी लागली.

पुढच्या रविवारी दुपारी मी कोऱ्हाळ्याला गेले. नव्या घरातून फिरल्यासारखा व्हिडिओ केला होता, तो टीव्हीला जोडला. सगळे जेवून बसले होते. आत्या दाराशी बसून लसूण सोलत होती. घर सुरू झालं. पोर्च, हॉल, देवघर, जिना. आबासुद्धा "वा" म्हणाले. मग कॅमेरा हॉलमधून सरळ, कुठंही न अडता, नव्या मोठ्या स्वयंपाकघरात शिरला. तिथं दोन दारांचा मोठा फ्रिज होता आणि त्या फ्रिजमधून निळ्या शर्टाची बाई अर्धी बाहेर आली होती. एक हात, अर्धं तोंड आणि एक बूट.

खोली पुसताना मी तिच्यातली बाई उचलायची विसरले होते. भिंत गेली, खिडकी ओट्याकडं सरकली, तिच्या जागी मी फ्रिज ठेवला, आणि बाई होती तिथंच उभी राहिली. आमच्या धंद्यात ही चूक शिकाऊ लोक करतात. दुसऱ्या कुणी केली असती तर मी ग्रुपवर आठवडाभर पुरवली असती.

वहिनीला हसू आवरेना. दादा तर गुडघ्यावर थापा मारत होता. आत्यानं लसूण खाली ठेवला, डोळे बारीक करून टीव्हीकडं बघितलं आणि म्हणाली, "मला फ्रिजात ठिवलं व्हय?"

त्यावर आणखी हशा झाला. तीही हसली. मीही हसले. मग ती उठून टीव्हीजवळ आली, पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हितं ती भिंत हुती न्हवं?" दादा पाणी प्यायला उठला. मी म्हणाले, "आत्या, जरा बदल केलाय. थांब, तिला काढते." लॅपटॉपवर मी त्या बाईवर टिचकी मारली. खरंच काढायचं का, असं सॉफ्टवेअर विचारतं. सगळ्यांच्या देखत मी हो म्हटलं. फ्रिज नीट दिसायला लागला.

आत्या पुन्हा दाराशी जाऊन बसली आणि राहिलेला लसूण सोलला. निघताना तिनं मला नेहमीसारखी पिशवी भरून दिली, मेथी, शेंगा, लोणचं. आपल्या खोलीचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. मी सुटले असं वाटून मी एसटीत खुशाल झोपले.

सोमवारी मी अंतिम प्लॅन आमच्या ग्रुपवर टाकला. अंतिम प्लॅन पडला की प्रत्येकानं एक चांगली गोष्ट लिहायची, अशी आमच्यात रीत आहे. लोक लिहायला लागले. प्रशस्त. हवेशीर. कुणी म्हटलं, हाच या महिन्याचा नमुना. दुसऱ्यानं री ओढली, तिसऱ्यानं ओढली. मी फोन हातात धरून बसले होते, ग्राहक समोर होता, त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

त्यात एक मेसेज आला. नाव नसलेला नंबर, फोटोच्या जागी राखाडी गोल. बोलून टाईप केलेला असावा.

'जागा आठ बाय दहा. तोंड मावळतीला. माणसं एक. घर लई छान झालंय, देवघरात उजेड चांगला येतो. सुचवावंसं वाटतं की शेगडी खिडकीखाली घेऊ नये. फडाकडनं वारं येतं, इझंल.'

नंबर मी ओळखला. माझाच जुना नंबर होता, फोनबरोबर तिला दिलेला; पाठ होता, म्हणून नाव घालून ठेवला नव्हता. ती इतरांची घरं बघते तसं माझंही बघत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं, मी नको म्हटलं होतं म्हणून. म्हणजे 'माणसं चार' तिनं वाचलं होतं. 'कुणाची नाही, रिकामीच आहे' हेही वाचलं होतं, आणि ते वाचून त्या रविवारी माझ्यासाठी मेथी निवडली होती.

मला भीती वाटली, पण ती वेगळीच. लोकांना कळलं तर, ही. मी तो मेसेज तीन वेळा वाचला आणि त्यात चूक शोधली. माप होतं, दिशा होती, माणसं होती. आधी चांगलं म्हटलं होतं, मग सुचवलं होतं. ग्रुप सुरू झाल्यापासून इतका नियमात बसणारा पहिला मेसेज कुणीच लिहिला नव्हता. शेवटी मला 'घरगुती भानगडी' सापडलं. त्या नियमाखाली मी तो सगळ्यांसाठी पुसला, आणि पाठोपाठ तिचा नंबरही ग्रुपवरून काढला.

दोघातिघांनी विचारलं, काय होतं ताई? मी लिहिलं, चुकून आलेला मेसेज होता. लोक पुन्हा नमुन्याकडं वळले.

इंदापूरच्या ठेकेदारांनी मात्र वाचला होता. त्यांनी मला वेगळा मेसेज केला. ताई, राग मानू नका. घरात पाच माणसं आहेत का? असतील तर स्वयंपाकघर दोन फूट आत घेऊन आणि फ्रिज जिन्याखाली नेऊन मागं आठ बाय दहा बसते. काढून पाहिलं, सोबत जोडतोय. त्यांनी हातानं काढून, फोटो काढून पाठवलं होतं. मी मोठं करून बघितलं. बसत होती. भिंत आडवी येत नव्हती, कॅमेरा अडत नव्हता, मुरड पडत नव्हती. खोलीला फडाकडं खिडकी होती. मी दोन महिने त्या कोपऱ्याशी झुंजत होते आणि त्यांनी ते पाच हा एक आकडा धरून तासाभरात सोडवलं होतं.

मी उत्तर लिहिलं, आभारी आहे, माणसं चारच आहेत.

त्यांनी लिहिलं, मग ठीक. त्यानंतर माझ्या नजरेचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही.

आठवड्यानं आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "फोनवर घरं येत न्हाईत गं आता."

मी म्हणाले, "नेट संपलं असेल."

"व्हय, तसंच आसंल," ती म्हणाली. तिचं नेट संपलेलं नव्हतं. ते मीच भरत होते आणि ते तिला माहीत होतं.

बंगला झाला. देखणा झाला. माझा नमुना महिनाभर वर राहिला, अजून लोक मागून घेतात. शेगडी खिडकीखाली आहे. फडाकडून वारा सुटला की विझते, म्हणून वहिनीनं खिडकीला प्लायवूडचा तुकडा ठोकला आहे आणि त्या हवेशीर स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो. आत्या वॉशिंग मशीन ठेवलंय त्या मागच्या पट्टीत झोपते. तिथं घडीची कॉट बसते. सकाळी कपडे धुवायला वहिनी यायच्या आत ती कॉट मिटून भिंतीला लावते. ट्रंक बसत नव्हती, म्हणून तिनं ती एका ऊसतोडणीवाल्या बाईला दिली. त्या पट्टीला दार नाही. मी काढलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणून तपासायला ती बारामतीला आली आणि एक मुक्काम माझ्याकडं राहिली. माझा फ्लॅट हॉल-स्वयंपाकघर सोडून दोन खोल्यांचा. एकीत मी झोपते, दुसरीत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि ग्राहकांसाठी दोन खुर्च्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेर बघितलं तर आत्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरली होती आणि भिंतीच्या कडेनं टाचेला टाच लावून चालत होती. ओठ हलत होते. एक भिंत झाली, वळली, दुसरी भिंत केली.

"काय मोजतेस आत्या?"

"काय न्हाय. आठ बाय दहाच हाय की गं ही."

मग तिनं आतून दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी दोन कप हातात घेऊन बाहेर उभी राहिले. चहावर साय धरली. हाक मारावी असं मला वाटलं, आणि हाक मारून काय म्हणायचं हेही मला माहीत होतं. राहा इथंच, एवढे दोनच शब्द होते. प्रिंटर हॉलमध्ये बसला असता. ग्राहकांच्या खुर्च्याही बसल्या असत्या. हे मी तिथं उभ्या उभ्या मनात काढूनही बघितलं, आणि हॉल कसा दिसेल तेही बघितलं.

कडी निघाली. ती बाहेर आली, माझ्या हातातला कप घेतला, पदरानं डोळा पुसला. म्हणाली, डोळ्यात औषध घातलंय.

"कडी चांगली बसतीया," ती म्हणाली. "बसू दे बाई हितं तुझं मशीन. त्यालाबी लागतीच की खोली."

मी म्हणाले, "हो ना, काम असतं."

रात्री तिला हॉलमध्ये गादी घातली. सकाळी मी उठायच्या आत तिनं ती घडी करून भिंतीला लावून ठेवली होती आणि पहिल्या एसटीनं कोऱ्हाळ्याला गेली होती.